केक आणि रोजगार हमी

लग्नघरातल्या रुसव्याफुगव्याचं मूळ मानापमानात नसून बेकारीत असतं, या निष्कर्षाला मी निवृत्तीनंतर येऊन पोचले. आमच्या लहानपणी घरात लग्न निघालं की आत्या पापड लाटत, काका मांडवाच्या बांबूंवर ओरडत, मामा आचाऱ्याच्या मागे तिखटाचा डबा घेऊन फिरत आणि एखादे लांबचे भावोजी केवळ कोठीच्या किल्ल्या कमरेला असल्यामुळे चार दिवस अत्यंत महत्त्वाचे असत. त्यांना रुसायला सवड नसे. रुसून निघून गेलेच, तरी किल्ल्या त्यांच्याकडे असल्याने मंडळी त्यांना तासाभरात शोधून आणत.

आता मांडव ठेक्याने, जेवण ठेक्याने, मेंदी ठेक्याने आणि नवरीच्या मैत्रिणींचा नाचसुद्धा ठेक्यानेच बसवलेला. नातेवाइकांनी सांगितलेल्या रंगाचे कपडे घालून यायचं आणि फोटोवाला म्हणेल तिथे हसायचं. धडधाकट, अनुभवी आणि प्रत्येक विषयावर मत असलेली चाळीस माणसं तुम्ही दोन दिवस बिनकामाची बसवलीत, तर 'आपल्याला पत्रिका कोणाच्या हातून आली' यावर ती विचार करणार नाहीत तर काय करणार?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने या दुखण्यावर औषध काढलं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम. १९७७ साली तिचा कायदाही झाला. खडी फोडा, तलाव खणा, पण हात रिकामे ठेवू नका. लग्नघरासाठी अशी योजना कोणी आखल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. ती वसईत, निर्मळच्या बाजूला, एका केळीच्या वाडीत सुरू झाली. फरक एवढाच, की तिच्यात खडीच्या जागी मनुका होत्या.

वाडी माझ्या मैत्रिणीची. मी शाळेत गणित शिकवायचे, ती इतिहास. दोघी निवृत्त झालो तरी अजून एकमेकींना 'टीचर' म्हणूनच हाक मारतो. नावं आठवावी लागतील. तिचं घर वसईतलं जुनं कॅथलिक. प्रार्थना मराठीत, भांडणं कादोडी बोलीत आणि इंग्रजी फक्त केकवर नावं लिहिण्यापुरतं. तिच्या मुलीचं लग्न बांद्र्याच्या मुलाशी ठरलं, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी. डिसेंबरात आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधी उपवासकाळ, त्या दिवसांत चर्चमधली लग्नं शक्यतो टाळतात. म्हणून नाताळ संपला की राख बुधवार उजाडेपर्यंत अर्धी वसई दुसऱ्या अर्ध्या वसईच्या लग्नाला गेलेली असते.

केक बाहेरूनच आणायचा, असं आधी ठरलं होतं. टीचर आणि मी एका दुकानात चौकशीला गेलो. तिथल्या मुलाने मोबाइलवर पाच मजली केक दाखवला.

"आंटी, यातला एक मजला खरा, चार डमी."

"डमी म्हणजे?"

"थर्माकोल. वरून आयसिंग सेम. सुरी कुठे घालायची तिथे आम्ही मागून खूण करून देतो."

वसई-विरार पट्ट्यात मजल्यांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न नवा नाही. आम्हीही फारशा दचकलो नाही. दर विचारून घरी आलो. दचकल्या त्या टीचरच्या सासूबाई, म्हणजे सगळ्या घराच्या आणि म्हणून माझ्याही आजी. वय शहाऐंशी, कान शाबूत.

"लग्न खरं, नवरी खरी, नवरा खरा असं बांद्र्याचे लोक म्हणतायत," आजी म्हणाल्या, "मग केक तेवढा खोटा कशाला?"

टीचरने पंचवीस वर्षं इतिहास शिकवला असल्याने तिला कुठल्याही घरगुती प्रश्नावर सनावळी सुचते. तिने आजींना समजावलं, की खोट्या केकला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेची इतकी टंचाई झाली, की १९४० साली केकवर आयसिंग लावायलाच सरकारने बंदी घातली. मग लोक पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टरचा शुभ्र, नक्षीदार केक भाड्याने आणत. फोटो निघाले की पुठ्ठा उचलायचा आणि त्याखालचा वीतभर केक पाहुण्यांत वाटायचा.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडे युद्ध होतं. आपल्याकडे काय आहे?"

केक घरी करायचा, हे तिथेच ठरलं. कोणी करायचा, हे मात्र ठरेना. घरात केक करणाऱ्या बायकांची वाण नव्हती. अडचण नेमकी तीच होती. नवरीच्या आत्याची एक रीत, मावशीची दुसरी, काकूची तिसरी. आत्या जळकी साखर घालणार, मावशीच्या मते त्याने कडू होतं. काकू संत्र्याची साल घालणार, आत्याच्या मते तो मग केक राहत नाही, सरबत होतं. आत्याची रीत घ्यावी तर टीचरचं माहेर रुसणार, मावशीची घ्यावी तर सासर रुसणार आणि काकूची घ्यावी तर दोन्ही.

"टीचर, तू कर," टीचर मला म्हणाली.

"अगं, माझ्या घरी अजून सोमवार-शनिवार पाळतात."

"म्हणूनच. तू आमच्यातल्या कुणाचीच नाहीस."

इतक्या स्वच्छ शब्दांत आपली पात्रता क्वचितच कळते. केक मला तिनेच शिकवला होता, स्टाफरूममध्ये, डिसेंबरातल्या डब्यांवरून. बदल्यात मी तिला पुरणपोळी शिकवली. तिची पोळी अजून तव्यावर फुटते, माझा केक मात्र व्यवस्थित फुगतो. तिच्या मते याचं कारण शिकवणारी आहे.

मी पहिल्यांदा वही काढली. तीन मजले ठरले: १२, ९ आणि ६ इंच व्यासाचे. घरात सगळ्यांना वाटलं, की १२ चा मजला ६ च्या दुप्पट. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे व्यास दुप्पट झाला की केक चौपट होतो आणि ९ चा केक ६ च्या सव्वादोनपट असतो. हे मी आयुष्यभर ओरडून सांगितलं आणि आयुष्यभर मुलांनी विचारलं, "बाई, याचा पुढे उपयोग काय?" उपयोग हा. ६ इंचाला मैदा, लोणी, साखर प्रत्येकी १२५ ग्रॅम, अंडी दोन आणि सुका मेवा साडेचारशे ग्रॅम. सगळ्यात वरचा मजला माझ्यासारख्या शनिवारवाल्यांसाठी बिनअंड्याचा आणि बिनरमचा करायचा होता. तो वगळून खालच्या दोघांचा गुणाकार केला तर अंडी आली साडेबारा.

"अर्ध्या अंड्याचं काय करायचं?" काकूंनी विचारलं. त्या अर्ध्या अंड्यावर जी चर्चा झाली, तिच्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की या घरात काम मागणारी माणसं बरीच आहेत. शेवटी अंडं फेटून, वजन करून, निम्मं घ्यायची जबाबदारी काकूंवर सोपवली. त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत त्यांनी संत्र्याचं नाव काढलं नाही.

पाहुणे साडेपाचशे आणि तिन्ही मजले मिळून इंच-इंचाचे तुकडे निघणार जेमतेम दोनशे. उरलेल्यांसाठी भट्टीच्या मोठ्या ट्रेमध्ये वेगळा सपाट केक करायचा. म्हणजे एकूण सुका मेवा सहा-सात किलो. तो महिना-दीड महिना आधी रममध्ये भिजत घालावा लागतो, आणि रम आणणं माझ्याकडे आलं. कारण टीचरच्या घरातल्या पुरुषांपैकी कोणी आणली असती, तर ती बरणीपर्यंत पोचेल याची आजींना खात्री नव्हती.

मी साडी नेसून, पर्स घेऊन, वाईन शॉपच्या काउंटरसमोर उभी राहिले. काउंटरमागे माझाच विद्यार्थी, दहावी ब.

"बाई, तुम्ही?"

"तीन बाटल्या काळी रम दे. केकसाठी हवी आहे."

"हो बाई," तो म्हणाला. 'वही घरी राहिली' असं तो सांगायचा तेव्हा मी त्याच्याकडे जशी बघायचे, अगदी तशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या वेळी फोन करा बाई, घरी पाठवत जाईन." संध्याकाळी रिक्षावाल्याने, तोही दहावी बचाच, माझ्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली.

कार्तिकातली निर्मळची जत्रा झाली आणि मेवा कापायला सुरुवात झाली. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, जर्दाळू, आल्याचा मुरंबा, काजू, अक्रोड. नियम एकच: प्रत्येक तुकडा मनुकेएवढा. मोठा तुकडा जड होऊन तळाशी बसतो आणि मग वरच्या कापाला नुसता पाव, खालच्या कापाला नुसता मेवा अशी वर्गवारी होते. ओसरीवर जुनी चादर अंथरली. आजी आरामखुर्चीत मुकादम म्हणून बसल्या. टीचरने सवयीने हजेरी मांडली. सुऱ्या कमी पडल्या तेव्हा शेजारून आल्या, आणि सुऱ्यांबरोबर शेजारीही आले.

नवरीचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे काजू होते. दोन दिवसांनी मी वजन केलं तर काजूत पाव किलोची तूट. काकांनी ती 'वाहतुकीतली घट' म्हणून दाखवली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहतूक होती, हे खरं.

खरी धास्ती मामाची होती. टीचरचा हा भाऊ गास गावात राहतो आणि रुसण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. साखरपुड्याच्या फोटोत त्याचा डावा खांदाच तेवढा आला होता. त्यामुळे तो लग्नाला येणार, पण जेवणार नाही, असं वातावरण होतं. मी त्याला निरोप पाठवला, की विलायती मेव्यावर माझा विश्वास नाही, केकमध्ये सुकेळी घालायची आहेत आणि ती कुठली घ्यावी ते मला कळत नाही.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन हजर. सुकेळी म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. मधाच्या रंगाची, चिकट, चावली की आधी केळं आणि मागून गूळ लागतो. वसईबाहेरच्या माणसाला हे सांगूनही कळत नाही आणि मामाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणती केळी वाळवण्यालायक, ऊन किती दिवस, दव पडलं तर काय, हे सगळं त्याने सुकेळीचे तुकडे करता करता सांगितलं. तुकडे संपले तरी सांगणं उरलं, म्हणून मी आणखी तुकडे करायला दिले. जाताना तो म्हणाला, "टीचर, या केकची जबाबदारी आता माझी." तोपर्यंत असं म्हणणारे सहाजण झाले होते.

टीचरने याच सुमारास आजींना १९४७ ची गोष्ट सांगितली. ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ हिच्या लग्नाचा केक नऊ फूट उंच आणि पाचशे पौंडांचा होता. पण रेशनिंग चालू असल्याने त्याचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी जमवून पाठवलं होतं. आजींना राजघराण्याची दया आली. "घरात सुकेळीसुद्धा नव्हती बिचारीच्या," त्या म्हणाल्या.

मेवा आजींच्या लोणच्याच्या बरणीत रममध्ये बुडाला आणि घरी येणाऱ्यांची संख्या वाढली. रोज संध्याकाळी कोणीतरी 'बरणी कशी आहे' ते बघायला येई. दादरा सोडायचा, वाकून दीर्घ श्वास घ्यायचा, लाकडी डाव फिरवायचा आणि डावाला लागलेलं वाया जाऊ नये म्हणून चाखायचं. फादरसुद्धा एकदा येऊन गेले. त्यांनी डाव दोनदा फिरवला.

नाताळ उरकल्यावर केकचा दिवस ठरला. आत्याला जळकी साखर दिली होती. केकचा तो गडद काळपट रंग चॉकलेटचा नसतो; साखर काळी पडेपर्यंत जाळून तिच्यात गरम पाणी ओततात, त्याचा असतो. पाणी ओतताना असा आवाज होतो आणि इतका धूर निघतो, की शेजारच्या वाडीतले दोघे बादल्या घेऊन धावत आले. आले आहेत तर म्हणून त्यांना मैदा चाळायला बसवलं.

लोणी आणि साखर फेटायला मी नवरीच्या चुलत-मावस भावांना बोलावलं. ही मुलं महिन्याला पैसे भरून जिममध्ये दंड कमावतात, पण त्या दंडांचा समाजाला काही उपयोग झाल्याचं दिसत नाही. मोठं पातेलं मांडीत घेऊन एकेकाने अर्धा अर्धा तास फेटलं. या कामात सूट नाही. साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि केक फुगतो तो त्यांच्या जिवावर. बेकिंग पावडर नवे बुडबुडे आणत नाही, आहेत त्यांना मोठं करते. हे सांगितल्यावर मुलांना आपण पायाभूत काम करतो आहोत असं वाटून त्यांनी घाम पुसत फोटो काढून घेतले. मग अंडी, एकेक करून, शेवटी काकूंचं ते अर्धं. मग मैदा, मसाला, जळकी साखर आणि कोरडा मैदा भुरभुरलेला मेवा.

माझ्या घरच्या ओव्हनमध्ये १२ इंचाचा डबा आडवा जात नाही, तिरका जात नाही आणि उभा घालता येत नाही. शिवाय त्या आठवड्यात वीज मनाला येईल तेव्हा जात होती. म्हणून सगळा लवाजमा गावातल्या बेकरीत गेला. नाताळात अख्खा गाव इथे केकचे ट्रे घेऊन रांग लावतो. लाकडावरची भट्टी, पहाटेचे पाव निघून गेले की तिची आच हळूहळू उतरत जाते आणि मेव्याच्या जड केकला नेमकी तशी उतरती, मंद आच मानवते. मोठा मजला पाच तास आत राहतो. कडा करपू नयेत म्हणून डब्याला बाहेरून खाकी कागदाचे वेढे गुंडाळतात.

बेकरीवाले चाचा हे त्या सबंध लग्नातले एकमेव गृहस्थ, ज्यांना स्वतःचं काम होतं आणि आणखी नको होतं. लांब दांड्याच्या फावड्याने त्यांनी डबे आत सरकवले. आमची बारा-पंधरा माणसं दारात दाटी करून आत डोकावत होती. आत्याने विचारलं, रंग आला का? मामाने विचारलं, सुकेळी वर आली का? काकांनी विचारलं, किती वाजता उघडणार? चाचांनी शांतपणे झडप लावली.

"मॅडम, देखने से केक नहीं पकता. सब लोग घर जाओ."

कोणी गेलं नाही. चाचांनी मग सगळ्यांना चहा आणि ब्रून दिला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. पाच तासांनी विणायची सुई केकच्या पोटातून कोरडी बाहेर आली, तेव्हा टाळ्या वाजल्या. चाचांनीही एक वाजवली.

थंड झालेल्या केकला रमचा हात देऊन, कागदात गुंडाळून, तो मुरायला ठेवला. पुढचा थर मार्झिपानचा. विलायतेत ते बदामाचं असतं, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत बहुधा काजूचं: काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि थोडं गुलाबपाणी. माझ्या शेजारच्या वहिनी मदतीला आल्या होत्या. त्यांनी कढईत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही काजूकतलीच आहे. वर्ख लावू या का?" वरच्या बिनअंड्याच्या मजल्याचं मार्झिपान त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते वेलदोडा घालून केलं आणि बांद्र्याच्या पाहुण्यांनी नंतर त्याचीच कृती विचारली.

शेवटचा थर रॉयल आयसिंगचा. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक घेराने नऊ फूट आणि वजनाने तीनशे पौंडांच्या आसपास होता. त्याच्यावरही हेच पांढरं, टणक आयसिंग होतं. अंड्याचा पांढरा बलक (वरच्या बिनअंड्याच्या मजल्याला तो वगळून), दळलेली साखर, लिंबाचे थेंब. ग्लिसरीनचे चार थेंब मात्र विसरून चालत नाही, नाहीतर नवरानवरीला सुरीऐवजी छिन्नी द्यावी लागते. नक्षी आणि अक्षरं काढायला आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर आले. त्यांनी तीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले. आयसिंगची पिशवी हातात आल्यावर त्यांनी नवरानवरीची आद्याक्षरं अतिशय देखणी काढली आणि सवयीने खाली दोन रेघा मारून तारीख घातली. त्यांना थांबवलं नसतं तर उपस्थिती आणि एकूण पटही आला असता.

केक वाळायला ठेवला त्या रात्री मुंग्या आल्या. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले, भोवती हळदीची रेघ ओढली आणि तरी विश्वास नाही म्हणून काकांनी पहारा मागून घेतला. पहाटे ते खुर्चीत घोरत होते. पण मुंग्यांना ते माहीत नसावं.

नवरीचा मावसभाऊ विरारला बांधकामावर इंजिनिअर आहे. वरच्या मजल्याचं ओझं खालच्यावर येऊ नये म्हणून बांबूच्या कामट्या कुठे आणि किती खुपसायच्या, याचा त्याने रीतसर नकाशा काढला. आजींनी तो चष्मा लावून पाहिला. तालुक्यातल्या या एका तरी बांधकामाला सगळ्या परवानग्या होत्या.

लग्नाच्या सकाळी केक मामाच्या टेम्पोतून निघाला. एरवी त्यातून केळी जातात. तीन मजले तीन खोक्यांत आणि प्रत्येक खोक्याला दोन दोन माणसं. हॉलपर्यंत रस्त्यात गतिरोधक किती, हे जिममधल्या मुलांनी आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. प्रत्येक गतिरोधकावर स्कूटरवरून एकेक मुलगा आधीच जाऊन उभा, हात वर करून. मामा म्हणाला, की त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वरातीला एवढा बंदोबस्त नव्हता.

मिस्सा झाला, बँड वाजला, टोस्ट झाला आणि नवरानवरी सुरी घेऊन केकसमोर उभे राहिले. फोटोवाला पुढे सरसावला.

"सर, मॅडम, कापू नका. सुरी नुसती टेकवा आणि इकडे बघा. अ‍ॅक्शन करा फक्त."

पहिल्या रांगेतून आजींचा आवाज आला. "अ‍ॅक्शन नाही. काप."

नवरदेवाने जोर लावला. आयसिंगला कडकन तडा गेला, सुरी मार्झिपानातून उतरून खालच्या काळ्याभोर केकमध्ये रुतली आणि रमचा वास व्यासपीठावरून पहिल्या चार रांगांत पसरला. "कडक झालाय," असं कोणीतरी म्हणालं. ते आयसिंगबद्दल होतं की रमबद्दल, ते कळलं नाही. मुली ट्रे घेऊन फिरू लागल्या. आमच्या शनिवारवाल्या मंडळींसाठी वेगळा ट्रे होता. त्यांनी तो घेतला, शेजारच्या टेबलावरचा वास घेतला आणि विचारविनिमय सुरू झाला. आमचे जुने मुख्याध्यापक अखेर मला म्हणाले, "बाई, रम उसाच्या मळीपासून करतात ना? म्हणजे शाकाहारीच झाली." मी म्हटलं, "सर, अंडं आहे त्यात." ते म्हणाले, "अंड्याचं मी विचारलेलं नाही."

कौतुकही झालं. कोणीही घरच्या पदार्थाला शेवटी एकच प्रशस्तिपत्र देतं, तेच मला मिळालं: "अगदी विकतच्यासारखा झालाय." विकत आणला असता तर 'अगदी घरच्यासारखा' म्हणाले असते.

नंतर टीचर आणि मी हिशोबाला बसलो. घरचा केक स्वस्त पडतो, अशी एक समजूत आहे. मेवा, रम, लोणी, काजू, भट्टी, टेम्पोचं डिझेल; त्यात कामावरच्या माणसांचे चहा, भजी, दुपारची कालवणं आणि काकांची घट. दुकानातला पाच मजली थर्माकोल यापेक्षा बराच स्वस्त होता. टीचरने आकड्याकडे पाहिलं, मग हजेरीच्या वहीकडे पाहिलं. वहीत बेचाळीस नावं होती. त्यांच्यापैकी एकही जण लग्नात रुसला नव्हता. मामा तर दोनदा जेवला आणि फोटोत दोन्ही खांद्यांसकट आला. पाहुण्यांना अडवून तो विचारत होता, "तुमच्या तुकड्यात सुकेळी आली का?" नाही म्हणेल त्याला दुसरा तुकडा. आत्या जळक्या साखरेची कृती बांद्र्याच्या बायकांना सांगत होत्या. साडेपाचशे पाहुण्यांपैकी कोणाला पत्रिका उशिरा पोचली, हा विषयच निघाला नाही.

"टीचर," ती म्हणाली, "हे केकचे पैसे नाहीत. मजुरी आहे."

योजना चांगली चालली, की तिच्यात राजकारण येतं. टीचरच्या धाकट्या मुलाचं लग्न ईस्टरनंतर मे महिन्यात ठरलंय आणि परवा ओसरीवर बैठक भरली. हॉल, जेवण, बँड यांवर कोणी बोललंच नाही; सगळे केककडे वळले. काकूंनी या वेळी पूर्ण अंड्यांचा विभाग मागितला. काकांनी पहाऱ्यासाठी खाट मागितली. जिमची मुलं या खेपेला आठ झाली आहेत. मामाने सांगितलं, की सुकेळी तर माझीच, पण जळकी साखरसुद्धा या वेळी मी बघेन. आत्याच्या हाताने जरा कडू झाली होती.

आत्या जाग्यावरून उठल्या आणि पर्स घेऊन निघून गेल्या. त्यांची समजूत काढायला दोन माणसं पाठवायची आहेत. त्या कामासाठी आतापर्यंत सातजणांनी नावं दिली आहेत.